मुरबाडचे नाना आणि कसाऱ्याचा घाट : बल, वस्तुमान आणि घर्षण यांचा एक पाठ



सातवी-आठवीला बल, वस्तुमान, घर्षण शिकवायची वेळ आली की आपण फळ्यावर एक चौकोन काढतो, त्याला बाण काढतो आणि व्याख्या लिहून देतो. मुलं ती पाठ करतात. पेपरात मार्कही पडतात. पण महिन्याभराने विचारलं की चालती वस्तू थांबते कशामुळे, तर अर्धा वर्ग सांगतो की तिच्यातलं बल संपलं म्हणून. म्हणजे पाठ झाला, पण समजला नाही.

एकदा माझ्या वर्गात एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. ती आईवडिलांबरोबर कसाऱ्याहून नाशिकला गेली होती. कसारा स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली आणि गाडीला मागून आणखी इंजिनं जोडली. तिला कळेना, पुढे इंजिन असताना मागे कशाला? इंजिन तर ओढतं ना, मग ढकलायचं कशाला? मी त्या दिवशी घाट आहे, चढ आहे, एवढंच सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. तो आपल्याच भागातला, मुरबाडचा. त्याचं चरित्र आणि हा विज्ञानाचा पाठ मी तेव्हापासून एकत्र शिकवते. आज तोच पाठ तुमच्यासाठी.

ते म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, आपण सगळे ज्यांना नाना शंकरशेट म्हणतो ते.

जन्म आणि घर

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. दैवज्ञ समाजातलं हे घराणं मूळ कोकणातलं, व्यापारासाठी मुंबईत येऊन स्थिरावलेलं. वडील शंकरशेट हे मुंबईतले मोठे सावकार आणि व्यापारी. घरी लक्ष्मी होती, त्यामुळे नानांना घरीच चांगले शिक्षक मिळाले. संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींचा अभ्यास झाला. १८२२ मध्ये वडील वारले. तेव्हा नाना जेमतेम एकोणीस वर्षांचे. एवढ्या वयात सगळा कारभार अंगावर आला.

नाना जन्मले त्या काळातलं मुरबाड कसं असेल, ते मुलांना डोळ्यांपुढे आणायला सांगा. रेल्वे नाही, डांबरी सडक नाही. घाटावरचा माल कोकणात उतरायचा तो नाणेघाटासारख्या वाटांनी. नाणेघाट आपल्याच तालुक्याच्या हद्दीवर आहे. सातवाहनांच्या काळापासून चालत आलेली ही वाट. दगडात खोदलेल्या पायऱ्या, वर गुहेतले शिलालेख आणि जकातीसाठी वापरला जायचा असं सांगतात तो दगडी रांजण. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे ही वाट चढायचे-उतरायचे.

इथेच पहिला प्रश्न मुलांना टाका. एवढा व्यापार होता तर बैलगाडी का नाही नेली? उत्तर मुलंच देतात, कारण पायऱ्यांवर गाडी चढणारच नाही. मग पुढचा प्रश्न. सपाटीवर बैलाच्या पाठीवर गोण्या लादणं बरं की गाडीत घालून ओढणं बरं? म्हशाच्या जत्रेला गेलेलं कुठलंही पोर सांगेल की गाडी बरी. का बरी? पाठीवर घेतलेलं ओझं बैलाला सतत पेलून धरावं लागतं. गाडीत घातलं की ओझं चाकांवर जातं आणि बैलाला फक्त घर्षणावर मात करावी लागते. चाक घासत नाही, ते लोळतं. आणि लोळण्याचं घर्षण घसरण्याच्या घर्षणापेक्षा खूप कमी असतं. पाठ्यपुस्तक उघडण्याआधी एवढं मुलांच्या तोंडून आलं की अर्धं काम झालं.

आधी शाळा, मग गाडी

नानांची ओळख बहुतेकांना रेल्वेमुळे असते. पण त्यांनी पहिली ताकद लावली ती शिक्षणाला.

१८२२ मध्ये मुंबईत हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता आणि तरुण नाना तिच्या कामात होते. नावातच बघा, शाळा आणि शाळेची पुस्तकं. त्या वेळी मराठीत शिकवायला गणिताची, विज्ञानाची छापील पुस्तकंच नव्हती. ती तयार करण्याचं काम या मंडळींनी हाती घेतलं. आज आपण बल, गती, घर्षण असे शब्द सहज फळ्यावर लिहितो, पण शाळेतलं गणित आणि विज्ञान मराठीत आणायला अशी पुस्तकं आधी कोणीतरी करावी लागली.

एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबई सोडून गेले. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातून उच्च शिक्षणाची सोय उभी राहिली. एल्फिन्स्टन कॉलेजची मुळं तिथे आहेत. या कामातही नाना पुढे होते.

१८४० मध्ये मुंबई इलाख्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं गेलं. त्यात जे हिंदी सभासद होते, त्यांपैकी नाना एक. हे बोर्ड होतं तोवर ते त्यावर राहिले. या बोर्डात एक मोठा वाद झाला, आणि तो आपल्या पालकांनी जरूर ऐकावा असा आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं मत होतं की शिक्षण इंग्रजीतून द्यावं. नानांनी विरोध केला. इंग्रजी नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ते स्वतः इंग्रजी जाणणारे होते आणि इंग्रजी शिक्षणाला त्यांनी मदतही केली. पण सर्वसामान्य माणसापर्यंत ज्ञान पोहोचवायचं तर ते त्याच्या भाषेतूनच पोहोचेल, हे त्यांनी लावून धरलं. आज शहापूर-मुरबाडच्या गावागावांतून पिवळ्या बसमध्ये बसून लहान लेकरं दूरच्या इंग्रजी शाळेत जातात. पालकांची धडपड मी समजू शकते. पण घर्षण म्हणजे काय हे ज्या मुलाला आईच्या भाषेत कळलेलं नाही, त्याला ते दुसऱ्या भाषेत पाठ होईल, कळेल का, याचा विचार आपण करायला हवा.

मुलींच्या शिक्षणाबाबतही तेच. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ च्या सुमारास मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा नानांनी आपल्या जागेत मुलींच्या शाळेला आसरा दिला. लोकांचा विरोध होताच. सतीची चाल बंद करण्याच्या बाजूनेही ते उभे राहिले होते.

इथे वर्गात मी जडत्व हा शब्द आणते. जी वस्तू थांबली आहे ती थांबूनच राहते, जी चालली आहे ती त्याच दिशेने, त्याच वेगाने चालत राहते, जोपर्यंत बाहेरून असंतुलित बल लागत नाही. वस्तुमान जितकं जास्त तितकं जडत्व जास्त. समाजाचंही असंच असतं, असं मुलांना सांगितलं की ती हसतात, पण लक्षात ठेवतात. फक्त एक काळजी घ्या. ही उपमा आहे, नियम नाही. परीक्षेत जडत्वाचं उदाहरण म्हणून समाज लिहिला तर मार्क मिळणार नाहीत!

लोखंडी रस्त्याचं स्वप्न

१८३० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. तिच्या बातम्या मुंबईत पोहोचत होत्या. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. पुढे हे प्रयत्न ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत सामील झाले. जुनी माणसं जिला जीआयपी म्हणायची ती हीच. १८४९ मध्ये कंपनीला कायद्याने मान्यता मिळाली, १८५० मध्ये कामाला सुरुवात झाली. नाना या कंपनीच्या संचालकांमध्ये होते.

आता मुलांचा साहजिक प्रश्न असतो. रस्ता होताच, मग लोखंडाचा रस्ता कशाला? खर्च किती!

याचं उत्तर घर्षणात आहे. मातीच्या रस्त्यावर चाक थोडं रुततं. चाकाला दर क्षणी त्या खळग्यातून वर यावं लागतं. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत चिखलातून गाडी काढली असेल तर हे वेगळं सांगायला नको. लोखंडी रूळ मात्र दबत नाही आणि लोखंडी चाकही दबत नाही. दोघांचा स्पर्श अगदी लहान जागेत होतो. त्यामुळे सपाट रुळावर एक टन वजनाचा डबा चालत ठेवायला साधारण दोन-तीन किलो वजनाएवढी ओढ पुरते. एक टन म्हणजे हजार किलो! दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ उचलून आणतो तेवढ्या जोराने हजार किलो पुढे जातं. मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. खाली दिलेला प्रयोग केला की ठेवतात.

१६ एप्रिल १८५३

हा दिवस सगळ्यांना पाठ असतो. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. तोफांची सलामी झाली आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास गाडी निघाली. त्या गाडीत नाना होते. बैलाशिवाय, घोड्याशिवाय पळणाऱ्या या गाडीला लोकांनी चाक्या म्हसोबा म्हणून हात जोडले, असं सांगतात.

या एका प्रवासात आपला अख्खा पाठ बसतो.

गाडी उभी असताना वजन खाली आणि रुळाचा आधार वर, ही बलं संतुलित आहेत, म्हणून गाडी स्थिर. इंजिनाने ओढलं, ओढ घर्षणापेक्षा जास्त झाली, म्हणजे असंतुलित बल मिळालं, गाडी हलली. तेवढ्याच ओढीला डबे दुप्पट जोडले तर वेग वाढायला दुप्पट वेळ लागेल, कारण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. बल तेच ठेवून वस्तुमान दुप्पट केलं की त्वरण निम्मं होतं. मध्ये गाडी एकसारख्या वेगाने धावू लागली तेव्हा इंजिनाची ओढ आणि रूळ-हवेचा विरोध समान झाले. इथे मुलं हमखास चुकतात. त्यांना वाटतं की गाडी चालू आहे म्हणजे पुढचं बल जास्तच असणार. नाही. वेग वाढत असेल तरच पुढचं बल जास्त. वेग कायम असेल तर बलं संतुलित. हा मुद्दा फळ्यावर दोनदा लिहा. आणि ठाण्याला गाडी थांबली ती बल संपलं म्हणून नाही. ब्रेकच्या घर्षणाने उलट्या दिशेचं बल लावलं म्हणून थांबली.

गाडी शहापूरला का गेली, मुरबाडला का नाही?

पुढे रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५५ मध्ये वासिंदला पोहोचली. आसनगाव १८६० मध्ये, तर कसारा १८६१ मध्ये जोडलं गेलं. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही आपल्या शहापूर तालुक्याची स्टेशनं. रोज पहाटेची लोकल पकडून कामाला जाणारी हजारो माणसं याच लोखंडी रस्त्याने जातात.

मुरबाडची मुलं इथे रुसतात. नाना आमचे आणि गाडी शहापूरला? मुरबाडला आजही रेल्वे पोहोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाचं बोलणं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय.

गंमत म्हणजे कंपनीच्या सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज घाटाचंही नाव होतं. तो मार्ग झाला असता तर गाडी मुरबाडकडूनच वर गेली असती. पण सह्याद्रीचा कडा चढायचा कुठून, हे कोणाच्या गावावरून ठरत नाही. ते उतारावरून ठरतं. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले यांनी पाहणी केली आणि शेवटी दोन वाटा निवडल्या गेल्या. पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळघाट, म्हणजेच आपला कसारा घाट. माळशेजचा उभा कडा ज्याने बसमधून पाहिलाय त्याला यात अन्याय वाटणार नाही. वाईट मात्र वाटतं, ते मी नाकारत नाही.

कसाऱ्याचा हिशोब

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मागे इंजिन कशाला?

कसारा घाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. सायकलवाल्याला हा चढ फार वाटणार नाही. पण गाडीचं वजन बघा. हिशोबाला सोपे आकडे घेऊ.

समजा २० डबे आहेत, प्रत्येकी ५० टन. झाले १००० टन. इंजिन १२० टनांचं. एकूण ११२० टन.

सपाट रुळावर चालत ठेवायला लागणारी ओढ, टनाला तीन किलो धरली तरी, साधारण साडेतीन टन वजनाएवढी.

३७ ला १ या चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला मागे खेचतो. ११२० भागिले ३७ म्हणजे सुमारे ३० टन. त्यात रुळाचे साडेतीन टन मिळवा. झाले ३३ टनांच्या वर. न्यूटनमध्ये सांगायचं तर सव्वातीन लाखांहून जास्त. सपाटीच्या जवळजवळ दहापट!

आता खरी गोम. मुलांना वाटतं, इंजिन जास्त ताकदीचं आणलं की झालं. तसं नाही. इंजिन रुळाला धरूनच ओढतं. चाक रुळावर मागे जोर लावतं, रूळ चाकाला पुढे ढकलतो. ही पकड म्हणजेच घर्षण. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण चौथ्या भागाएवढी मिळते. १२० टनांच्या इंजिनाला मिळाली ३० टन. हवी होती ३३. पावसाळ्यात रूळ ओले असले की पकड आणखी घटते, कधी निम्म्यावर येते. मग मोटार कितीही ताकदीची असो, चाकं जागच्या जागी गरगर फिरतील. चिखलात अडकलेल्या मोटारसायकलचं मागचं चाक फिरतं तसं.

म्हणून आणखी इंजिनं. ती नुसतं बल देत नाहीत, ती जास्त पकड आणतात. त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. आणि मागेच का? सगळी ओढ पुढूनच लावली तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर सगळा ताण येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि एखादी जोडणी तुटलीच तर सुटलेले डबे उतारावरून मागे पळत नाहीत, मागचं इंजिन त्यांना धरून ठेवतं.

आता बघा, आपण वर म्हटलं होतं की लोखंडी चाकाला घर्षण कमी म्हणून रेल्वे चांगली. आणि इथे म्हणतोय की घर्षण कमी म्हणून रेल्वे अडते. दोन्ही खरं आहे. घर्षण शत्रू की मित्र, हा निबंधाचा विषय आपण देतो. त्याचं उत्तर कसाऱ्याला मिळतं. डब्याच्या चाकाला लोळताना ते कमी हवं, इंजिनाच्या चाकाला पकडताना ते जास्त हवं. म्हणूनच इंजिनात वाळू ठेवलेली असते. चाक घसरू लागलं की रुळावर वाळू सोडतात, पकड वाढते. भारी इंजिन वाया जातं असंही नाही, त्याचा भारच त्याला पकड देतो.

उतरताना प्रश्न उलटा होतो. तोच सदतिसावा भाग आता गाडीला पुढे खेचतो. म्हणून घाट उतरताना वेग बांधलेला असतो, ब्रेक तपासलेले असतात. एखादी गाडी आवरली नाहीच तर तिला वळवून चढावर नेणाऱ्या कॅच सायडिंगची सोय घाटात केलेली आहे. तिथे तिची गती चढच खाऊन टाकतो.

घाट बांधला कोणी?

हा घाट सोपा नव्हता. साधारण १५ किलोमीटरच्या वाटेत गाडीला ९७२ फूट वर न्यायचं होतं. १३ बोगदे, ६ मोठे पूल, त्यात एहेगावचा तो उंच पूल. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू आणि माणसं. मजूर कड्यावर दोरांनी लोंबकळत काम करायचे. अपघातात आणि पटकीच्या साथींत अनेक दगावले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. खुद्द बर्कले १८६२ मध्ये वारले, त्यांना दोन्ही घाटांपैकी एकही पुरा झालेला पाहता आला नाही. मुलांना नानांची गोष्ट सांगताना ही माणसंही सांगा. गाडी फक्त पैसा देणाऱ्यांनी आणि आराखडा काढणाऱ्यांनी चालत नाही.

कसारा ते इगतपुरी हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सुरुवातीला घाटात मध्येच गाडी थांबवून तिची दिशा उलटी करून वर नेण्याची सोय होती. पुढे ती बदलून सरळ मार्ग झाला.

शेवटची वर्षं

नानांची स्वतःची वाटही सपाट नव्हती. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन करण्यात ते आघाडीवर होते. लोकांची गाऱ्हाणी सनदशीर मार्गाने सरकारपुढे मांडणारी मुंबईतली ही पहिली मोठी संस्था. १८५७ च्या उठावात सरकारने त्यांच्यावरच संशय घेतला. चौकशी झाली, पण पुराव्याअभावी काही सिद्ध झालं नाही. ज्या सरकारबरोबर तीस-पस्तीस वर्षं काम केलं त्यानेच संशयाने पाहिलं. तरी ते कामातून बाजूला झाले नाहीत. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर त्यांची नेमणूक झाली.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचं मुंबईत निधन झालं. कसारा घाट सुरू होऊन अवघे सात महिने झाले होते.

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. ग्रँट रोडजवळचा नाना चौक त्यांच्याच नावाचा. पण मला सगळ्यात मोठं स्मारक वाटतं ते मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलांना मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले.

वर्गात करून पाहा

१. विटेचा प्रयोग : एका विटेला सुतळी बांधून ताणकाट्याने ओढा. आधी फरशीवर, मग पसरलेल्या वाळूवर, मग विटेखाली पाच-सहा गोल पेन्सिली ठेवून. तिन्ही वेळचं मापन वहीत लिहायला सांगा. नंतर विटेवर दुसरी वीट ठेवून पुन्हा करा. वजन दुप्पट झालं की घर्षणही जवळपास दुप्पट होतं, हे मुलांना आकड्यांत दिसतं. वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेली मुलं आपल्या वर्गात आहेत. या प्रयोगात तीच सगळ्यात पुढे असतात, हा माझा अनुभव.

२. कसाऱ्याचा चढ : १११ सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. एका टोकाखाली वह्या ठेवून ते फक्त ३ सेंटिमीटर उचला. हा झाला ३७ ला १. फळीवर खोडरबर ठेवा, ते हलणार नाही. मग खेळण्यातली चांगल्या चाकांची गाडी किंवा गोटी ठेवा, ती घरंगळत जाईल. एवढ्याशा उतारावर चाक का थांबत नाही आणि रबर का थांबतं, याची चर्चा मुलांनाच करू द्या.

३. पकडीचा प्रयोग : कोरड्या हाताने बाटलीचं घट्ट झाकण उघडायला सांगा. मग हाताला साबणाचं पाणी लावून. हाताची ताकद तीच, मग झाकण का फिरत नाही? ओल्या रुळावरच्या इंजिनाचं दुःख मुलांना लगेच कळतं.

पालकांनी एवढंच करावं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन नाशिककडे निघालात की कसाऱ्याला मोबाईल बाजूला ठेवा आणि खिडकीतून बँकर जोडताना दाखवा. गाडी सुटताना आधी हळू आणि मग वेग घेताना मोजायला लावा.

त्या मुलीला मी पुढच्या वर्षी नीट उत्तर दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि आणखी एक प्रश्न विचारला. मुरबाडला गाडी येईल तेव्हा तिला बँकर लागेल का? मी म्हटलं, कल्याण-मुरबाडला घाट नाही, त्यामुळे लागायचं कारण नाही. पण ती गाडी आणायला किती जोर लावावा लागेल, आणि तो कोणी लावायचा, हा हिशोब मात्र तुमच्या पिढीला करावा लागेल.

मुरबाडच्या या सुपुत्राला विनम्र अभिवादन. पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की लिहून ठेवा. पुढच्या पाठाची सुरुवात तिथूनच होते.